शपथ सुटली, कळावे

पेरंबूर, रविवार, २२ जून २००३

चि. तन्मय,

हे पत्र कुठल्या पत्त्यावर पाठवायचं ते मला माहीत नाही, म्हणून स्वतःच घेऊन येणार आहे. शोळिंगनल्लूरला तुझ्या जुन्या ऑफिसात फोन केला होता. तिथला मंदार म्हणाला की एग्मोर स्टेशनसमोरच्या एका हॉटेलात, तळघरातल्या बारमध्ये, त्याने तुला एका बँडबरोबर बेस गिटार वाजवताना पाहिलं होतं. ते उन्हाळ्याच्या आधी. मी तिथे चौकशी करीन. तू नसलास तर पत्र ठेवून येईन.

आई गेली. तीन जूनला, मंगळवारी.

एक तारखेला सकाळी ती पाण्याच्या लॉरीच्या रांगेत उभी होती. सध्या नळाला पाणी येत नाही, हे तुलाही माहीत असेल. रांगेतच तिचा उजवा हात लुळा पडला. शेजारच्या शशिकला मामींनी तिला सावलीत बसवलं आणि मला कारखान्यात फोन केला, त्या रविवारी माझी ड्यूटी होती. हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्तस्राव आहे. मंगळवारी पहाटे संपलं. तुझा पत्ता लागेल म्हणून दुपारी चारपर्यंत थांबलो. उकाडा फार होता, त्यापुढे थांबता आलं नाही. सगळं मीच केलं. दिवसवारही झाले.

तू ऑफिस सोडून बँडमध्ये जायचं ठरवलंस त्या दिवशी ती जे बोलली, ते मला पुन्हा लिहायला आवडत नाही. पण निरोप त्याचाच आहे म्हणून लिहितो. ती म्हणाली होती, दारूच्या बारमध्ये वाजवणार असशील तर या घराचा उंबरा ओलांडू नकोस, ओलांडलास तर माझं मेलेलं तोंड बघशील. ती असं का म्हणाली ते तुला ठाऊक आहे. पुरुषोत्तममामाला मिरजेच्या गुत्त्यातून उठवून आणायला तिला लहानपणी पाठवत असत. तू त्यानंतर आला नाहीस. गेल्या दिवाळीला कॉलनीच्या फाटकापाशी तुला उभा असलेला पाहिला असं शशिकला मामी म्हणाल्या होत्या. मी ते आईला सांगितलं नाही.

हॉस्पिटलात सोमवारी सकाळी तिला शुद्ध होती. मला जवळ बोलावून म्हणाली, तन्मयला सांगा, शपथ सुटली. हाच निरोप आहे. शपथ घालणाऱ्यानेच सोडवायची असते, आणि तिने सोडवली.

तेव्हा घरी ये. मी सहानंतर घरी असतो.

बाबा


पेरंबूर, रविवार, ६ जुलै

चि. तन्मय,

पहिलं पत्र तुझ्यापर्यंत पोचलं नाही. ते माझ्याकडेच परत आलं आहे. कसं ते लिहितो.

मी बारमध्ये आयुष्यात प्रथमच गेलो. ऑफिसचा शर्ट घालून गेलो होतो, आत गेल्यावर खिशावर शिवलेला बिल्ला काढून टाकता आला असता तर बरं झालं असतं असं वाटलं. फ्रेश लाइम सोडा मागवला. त्याबरोबर वाटीभर उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल आलं, नवरात्रात इथल्या घरांतून देतात तेच. ते पाहून मला जरा धीर आला.

बँड साडेसातला सुरू झाला. कोट घातलेला एक अँग्लो-इंडियन गायक, एक कीबोर्डवाला, ड्रम वाजवणारा मुलगा आणि बेस गिटार घेतलेला साठीचा एक माणूस. तू नव्हतास. मी वेटरला म्हणालो, हे पत्र बँडच्या लोकांना द्या. माझी चूक तिथे झाली. तिथे स्टेजकडे जाणारा प्रत्येक कागद म्हणजे गाण्याची फर्माइश असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लोक टिश्यू पेपरवर गाण्याचं नाव लिहून पाठवत होते. वेटरने माझं पत्र त्यांच्याच ट्रेमध्ये ठेवलं.

गायकाने ते उघडलं, दिव्याकडे धरलं, आणि माइकमधून म्हणाला, "एवढी लांब फर्माइश आजवर आली नाही. हे गाणं संपेपर्यंत पोलीस येऊन बार बंद करतील." लोक हसले. मग त्याने विचारलं, "कुठली भाषा, सार? हिंदी?" मी हात वर केला नाही. आई गेल्याचं ज्या कागदावर लिहिलं होतं तो कागद त्या निळ्या दिव्याखाली थोडा वेळ फिरत होता. नंतर ते त्यांचं इंग्रजी गाणं म्हणू लागले.

मधल्या सुट्टीत तो बेस वाजवणारा माणूस पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "हें आपलें काय?"

मला आधी कळलंच नाही की तो मराठीत बोलतो आहे. प्रतापसिंह नाव. पूर्वज तंजावरचे, जन्म मैलापूरचा. आपल्या जुन्या कागदांत असते तशी भाषा, मधून मधून तमिळ. म्हणाला, "घरांत हीच भाषा. वाचावयास मात्र येत नाहीं. शाळा तमिळ." माझ्याशी इतक्या दिवसांनी कुणीतरी मराठीत बोललं म्हणून मी त्याला बसा म्हटलं. त्याने विचारलं, काय लिहिलं आहे. मी म्हणालो, घरगुती आहे. माझा मुलगा तन्मय बेस वाजवतो, त्याला भेटायचं आहे.

"कशास्तव?"

"घरगुती काम आहे."

त्याने पत्राची घडी नीट केली. मग म्हणाला, "तन्मय. नाहीं, ठाऊक नाहीं. पोरें येतात, जातात." आणि पत्र माझ्यापुढे ठेवलं. उठता उठता म्हणाला, "सोडा पिऊन घ्या, सार. गॅस जातो."

मी पुढचा अर्धा भागही बसलो. घरी जाऊन तरी काय करायचं होतं.

हे पत्र मी पहिल्याबरोबर ठेवतो. आता बरोबरच घेऊन फिरेन.

बाबा


पेरंबूर, रविवार, ३ ऑगस्ट

चि. तन्मय,

चौकशी चालू आहे. एका ठिकाणी नाही म्हणाले की मी त्यांना विचारतो, आणखी कुठे बँड असतो. या शहरात इतक्या ठिकाणी लोक वाजवत बसतात हे मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं. लॉजच्या पहिल्या मजल्यावर, हॉटेलच्या मागच्या खोलीत, बाहेर पाटी नाही काही नाही. आपल्याच पेरंबूरला, भाजी बाजाराच्या वर एक आहे. आई त्याच्या खालून रोज जात होती.

जॉर्ज टाउनमध्ये बंदराजवळ एक पाहिला. तिथे बँड म्हणजे एकच माणूस. कीबोर्डवर ठेक्याचं यंत्र लावतो आणि गातो. मधेच त्याला बाहेर जायचं झालं तर यंत्र तसंच चालू ठेवून जातो. लोक तोवर टाळ्या वाजवत राहतात. पुरसवाक्कमला तमिळ सिनेमाची गाणी म्हणणारी एक बाई आहे. ती गाताना खांद्याला पर्स अडकवूनच उभी असते. मी तिच्या कीबोर्डवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "मागच्या महिन्यात स्टेजवर ठेवली होती, कुणीतरी नेली. तेव्हापासून तिचा वरचा सूर चढत नाही, खांदा दुखतो." त्याला हे मोठ्या गमतीचं वाटत होतं. बाईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पण ती चांगली गाते. दोन वेळा ऐकली.

एग्मोरलाही अधूनमधून जातो. तिथे बहुतेक बारच्या संडासाला 'पाणी नाही' अशी पाटी लावून कुलूप घातलं आहे, बर्फ मात्र वेळेवर येतो. प्रतापसिंह आता मला ओळखतात. मागच्या खेपेला म्हणाले, "सार, आपण कानांनीं ऐकतां. बेस तसा ऐकूं येत नाहीं. टेबलावर हात ठेवा." मी ठेवला. लाकडातून तो हाताला लागतो. मग माझ्या लक्षात आलं की गायक आणि बाकीचे त्याच्यावर उभे आहेत. तू घरी खोलीचं दार लावून वाजवायचास तेव्हा मला ती नुसती भिंतीची घरघर वाटायची. आई म्हणायची, शेजारचे पाण्याचा पंप लावतात.

मी प्रतापसिंहांना पुन्हा तुझ्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "दर महिन्यास एक ना एक बाप येतो, सार. एकानें मागल्या वर्षीं पोरासकट कीबोर्डही नेला. कीबोर्ड बँडचा होता." मी हसलो नाही. मी एवढंच म्हणालो की मी न्यायला आलेलो नाही, एक निरोप आहे. "तोंडीं सांगा, मी पोंचवितों," असं ते म्हणाले. पण असा निरोप मी परक्या माणसाच्या तोंडून पाठवणार नाही. ऑफिसातही मी कोणाला फारसं सांगितलं नव्हतं. सुट्टी घेतली तेव्हा कारण लिहावं लागलं तेवढंच.

आईचं बोलणं मला सारखं आठवतं. शेवटच्या रात्री, सगळे दिवे मंद केले होते तेव्हा, ती अगदी स्पष्ट म्हणाली, सुटली म्हणून सांगा त्याला. नळी घातलेली असूनही स्पष्ट म्हणाली.

कारखान्यातल्या गुरुमूर्तींनी मला परवा विचारलं, "काय सार, पिऊ लागलात की काय? अंगाला सिगरेटचा वास येतो." मी म्हणालो, मुलाला शोधतो आहे. ते म्हणाले, मुलगा सापडेपर्यंत तुमचं लिव्हर सापडणार नाही. त्यांनाही आईचं सांगितलेलं नाही असं नाही, पण ते दुसऱ्या विभागात आहेत, विसरले असतील.

आणखी एक लिहायचं होतं. काल शनिवारी मी भाजी बाजाराच्या वरच्या ठिकाणी गेलो. तिथे बेस नसतोच, तू असणं शक्य नव्हतं. तरी गेलो.

बाबा


पेरंबूर, रविवार, ३१ ऑगस्ट

चि. तन्मय,

आज गणेश चतुर्थी. यंदा आपल्याकडे बसवला नाही. शशिकला मामींनी त्यांच्याकडचे कोळकट्टै, म्हणजे इथले मोदक, आणून दिले.

दोन आठवड्यांपूर्वी पुरसवाक्कमच्या कीबोर्डवाल्याने मला सांगितलं की शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरवाल्यांसाठी नवा बार निघाला आहे, तिथे शनिवारी एक मराठी मुलगा बेस वाजवतो, चष्मेवाला. मी त्या शनिवारी बस बदलून तिथे गेलो. फाटकावर एक धिप्पाड माणूस होता. त्याने मला आत सोडलं नाही. एकट्या पुरुषांना प्रवेश नाही, असा तिथला नियम. मी म्हटलं, मी सत्तावन्न वर्षांचा आहे. तो म्हणाला, "सार, वय किती ते बोर्डावर लिहिलेलं नाही. बायकोला घेऊन या."

 आतून आवाज येत होता. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर बसून ऐकलं. गाणी मला समजली नाहीत, पण बेस ऐकू येत होता, म्हणजे टपरीच्या पत्र्याला हात लावल्यावर. तो तू होतास हे मी सांगू शकतो असं मी म्हणणार नाही. पण होतास. ते नंतर कळलं.

घरी आल्यावर शशिकला मामींना सांगितलं. त्या म्हणाल्या, पुढच्या शनिवारी मी येते. मी नको म्हणालो. "का? मी बायको शोभत नाही?" त्या म्हणाल्या. "बहीण म्हणा. नाहीतर वहिनी म्हणा. त्या पहिलवानाला काय कळतंय?" त्यांनी कांजीवरम नेसली होती, गजरा घातला होता. बसमध्ये सगळे पाहत होते. फाटकावरचा माणूस त्यांना पाहून दोन पावलं मागे सरला. "वणक्कम, अम्मा," म्हणाला. त्या त्याला म्हणाल्या, "तुझी आई कुठली रे? तिला सांगते, येणाऱ्या जाणाऱ्या म्हाताऱ्यांना अडवतोस म्हणून."

आत स्टेजवर चार मुलं आणि बेस घेऊन प्रतापसिंह.

त्यांनी मला पाहिलं आणि मान खाली घातली. तेव्हा मला कळलं. आदल्या शनिवारी मी फाटकावर होतो हे आत कळलं होतं, आणि या शनिवारी तुझ्या जागी ते आले होते. या लोकांत असंच चालतं. एकाला यायला जमलं नाही, किंवा येऊ नये असं वाटलं, तर दुसरा उभा राहतो, आणि विचारायला आलेल्याला कोणी काही सांगत नाही. तसं पाहिलं तर मला ते आवडलं. तुझ्यामागे कोणी उभं राहतं आहे.

सुट्टीत ते टेबलाशी आले. मी काही विचारायच्या आधी शशिकला मामी तमिळमधून म्हणाल्या, "याच्या मुलाला कशाला लपवता? याची बायको मेली. मुलाला माहीत नाही. दोन महिने हा माणूस तुमच्या दारोदार सोडा पीत फिरतो आहे."

प्रतापसिंह उभेच राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आधीं सांगावयाचें नव्हतें काय?"

मी म्हणालो, घरगुती होतं.

त्यांनी मामींचा ग्लास टेबलावर थोडा सरकवला, परत होता तिथे ठेवला. म्हणाले, "तो म्हणाला होता, बाप न्यावयास येतील, आईची शपथ आहे, गेलों तर आईस बाधेल. आम्हीं त्याच्या आईस राखीत होतों, सार." मग म्हणाले, "मी त्यास सांगणार नाहीं. हें आपण सांगावयाचें. गुरुवारीं तो तांबरमास वाजवितो. मी हजर राहणार नाहीं." आणि जागेचं नाव सांगितलं.

या गुरुवारी मला रजा मिळाली नाही, पुढच्या गुरुवारी कारखान्यात तपासणी आहे. अकरा तारखेला येतो. आता इतकं थांबलो, तेवढं आणखी. खरं सांगायचं तर जाता आलं असतं.

शशिकला मामी तुला कधी भेटल्या आणि हॉस्पिटलबद्दल काही म्हणाल्या, तर त्या तिथे सगळा वेळ नव्हत्या हे लक्षात ठेव. आई बोलली तेव्हा त्या खाली कॉफी आणायला गेल्या होत्या.

बाबा


पेरंबूर, रविवार, २१ सप्टेंबर

चि. तन्मय,

हे पत्र प्रतापसिंहांच्या हाती देतो आहे. या वेळी ते पोचवतील.

तांबरमला मी साडेसातच्या आधीच येऊन बसलो होतो. वायुसेनेचे दोन-तीन लोक आणि मी. तू बारीक झाला आहेस. तुला मी दिसलो तेव्हा तुझा हात थांबला नाही. आधी मला वाटलं, पाहिलं नाहीस. मग कळलं की पाहिलं आहेस, आणि म्हणूनच बोटांकडे बघतो आहेस. मी टेबलावर हात ठेवला आणि सुट्टी होईपर्यंत तसाच ठेवला. गाणं संपूच नये असं मला वाटत होतं, आणि तुझं वाजवणं ऐकायचं होतं म्हणून नव्हे.

तू आलास आणि पहिलं वाक्य बोललास ते मी रोज ऐकतो. "बाबा, तुम्ही इथे कसे? आईला कळलं तर?"

मी म्हणालो, आईला कळणार नाही. आणखी चांगल्या शब्दांत सांगता आलं असतं. रस्त्याने मी दुसरंच काही तरी ठरवून आलो होतो.

तू उरलेला अर्धा भाग वाजवलास. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने फर्माइश पाठवली तीही वाजवलीस. लोक म्हणतील, हा कसला मुलगा. मी म्हणणार नाही. दहावा झाल्यावर अकराव्या दिवशी मी कारखान्यात रेल्वेच्या तेरा नव्या डब्यांच्या कागदांवर सह्या करून घरी आलो होतो आणि एकही चुकली नव्हती. माणूस हातातलं काम करत राहतो. दुसरं काय करणार.

पत्रांचं पाकीट तुला दिलं. त्यानंतरच्या रविवारी सकाळी तू घरी आलास. शशिकला मामींनी तुला फाटकातून येताना पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या, आपल्याला मोकळं बोलता यावं म्हणून. तू पायरीवर चपला काढल्यास. मी दार पूर्ण उघडून बाजूला झालो. तू उंबऱ्याशी थांबलास आणि म्हणालास, "पहिल्या पत्रात सोमवारी सकाळी लिहिलंय. तिसऱ्यात रात्री. नळी असताना माणूस बोलतं का, बाबा? ती नक्की काय म्हणाली?"

मी म्हणालो, आधी आत ये, पाणी घे. तू म्हणालास, आधी सांगा. मी पुन्हा पाणी घे एवढंच म्हणालो. तू चपला घातल्यास आणि गेलास. मी तुझ्यामागे फाटकापर्यंतसुद्धा आलो नाही.

आता सांगतो.

ती काही म्हणाली नाही. रविवारी दुपारनंतर तिला बोलताच आलं नाही. सोमवारी सकाळी शुद्ध होती हे खरं आहे. डोळे उघडे होते, माझ्याकडे बघत होती. शशिकला मामी तिचे पाय चोळत होत्या, त्या कुठेही गेलेल्या नव्हत्या. मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं, तन्मयला सांगू का, शपथ सुटली म्हणून? नुसती मान हलव.

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्यानंतर तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मंगळवारी पहाटेपर्यंत तोंड भिंतीकडेच होतं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, या आजारात मान एका बाजूला वळते, रक्तस्राव ज्या बाजूला असेल त्या बाजूला. भिंत डावीकडे होती आणि रक्तस्रावही डावीकडे होता. म्हणजे ते दुखण्यामुळे असेल. किंवा तिने नाही म्हटलं असेल. मी त्यावर तीन महिने विचार करतो आहे. कधी एक वाटतं, कधी दुसरं. मामींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सार, मी तिचे पाय बघत होते."

मी मनाने सुटली लिहिलं, कारण दुसरं काही लिहून तू आला नसतास. मी निरोप बनवला. निरोप बनवणाऱ्याला बारकावे लक्षात ठेवावे लागतात हे मला जमलं नाही.

तुझ्या मनात एक असेल, म्हणून तेही लिहितो. तू दोन वर्षं आला नाहीस कारण तिचं मेलेलं तोंड बघायला लागू नये. तू शब्द पाळलास. ती तरीही गेली. तुझ्या येण्याशी किंवा न येण्याशी त्याचा काही संबंध नव्हता, तिचं ब्लड प्रेशर होतं आणि ती गोळ्या घेत नव्हती. तुझी आई तुझ्यावर रागावलेलीच गेली की नाही, हे मी तुला कधीच सांगू शकणार नाही. मला ते माहीत नाही. खोटं सांगून पाहिलं, ते तुला उंबऱ्याच्या आत आणू शकलं नाही.

आता ती नाही, तेव्हा शपथही नाही, असं भटजी म्हणतात. गुरुमूर्तीही तसंच म्हणाले. पण तू चपला काढून थांबलास. मी तुला ओढून आत घेणार नाही. तिचा शब्द होता आणि तिचंच घर होतं.

म्हणून मी शुक्रवारी क्वार्टर सोडण्याचा अर्ज दिला आहे. नोकरीची अजून तीन वर्षं आहेत, साहेबांनी कारण विचारलं. मी घरगुती लिहिलं. तांबरमला, स्टेशनच्या पश्चिमेला, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या आहेत. कारखाना लांब पडेल, गाडीने जाईन. तिथे कोणी कोणाला शपथ घातलेली नाही.

अठ्ठावीस तारखेला, रविवारी सकाळी टेम्पो सांगितला आहे. तिचं कपाट अजून उघडलेलं नाही. मला ते एकट्याला जमणार नाही. तू आत येऊ नकोस. टेम्पो दारासमोर लागेल, त्याच्याशी उभा राहा. मी आणि मामी आतून एकेक काढून उंबऱ्यापर्यंत आणू. तू बाहेरून हात पुढे कर आणि घे.

बाबा